स्वतःच्या शब्दांत

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात मी पाऊस पाडला होता. धो धो. शाळेला सुट्टी, रस्त्याची नदी झालेली, कुणाची तरी छत्री उलटी झालेली, आणि मधोमध ते सुप्रसिद्ध वाक्य, 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. गाव कुठलं तर बार्शी. जिथं पावसामुळं शाळा सुटल्याचं मला एकदाही आठवत नाही, टँकर आला म्हणून मधल्या सुट्टीत कळशी घ्यायला घरी पळाल्याचं मात्र चांगलं आठवतं. पण सरांनी 'अ रेनी डे' सगळ्या वर्गाकडून घोटून घेतला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो जसाच्या तसा उतरवला, त्यामुळं २००४ च्या मार्च महिन्यात, भर उन्हात, बार्शीत एकाच सकाळी चाळीसेक ठिकाणी अतिवृष्टी झाली. निबंध म्हणे स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. शाळेत ही सूचना पाचवीपासून ऐकत आलो, पण तिच्याकडं कुणी सिरियसली बघितल्याचं आठवत नाही. 'चित्रात दाखवलेला पदार्थ सोबत मिळेलच असं नाही' टाइपची ओळ ती.

सात वर्षांनी ह्याच ओळीवर माझा पगार निघायला लागला.

२०११ च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात गेले. शिकायला गेले होते इंग्रजी कसं शिकवायचं ते, आणि फी माफ व्हावी, वर महिन्याला भाडं-किराणा निघावा म्हणून तिथंच टीए झाले, म्हणजे टीचिंग असिस्टंट. एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळं कागदावर माझे तास वीस, पेपर तपासायच्या आठवड्यात प्रत्यक्षात किती ते विचारू नका. वाट्याला आला परदेशी मुलांचा फर्स्ट इयरचा रायटिंगचा कोर्स. तिकडं तुम्ही इंजिनिअरिंगला जा नाहीतर नर्सिंगला, पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी निबंध लिहायला शिकावंच लागतं, १८८५ मध्ये हार्वर्डनं ही सक्ती सुरू केली आणि मग हळूहळू ती सगळीकडं पसरली, आणि ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी त्याचा वेगळा वर्ग असतो. मी फोनवर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तू गोऱ्यांना विंग्रजी शिकवणार?" मी म्हटलं नाही गं, चिन्यांना. "मग ठीकाय," म्हणाली, आणि फोन आईकडं दिला.

पण शिकवायच्या आधी माझीच परीक्षा झाली. परदेशी टीएचं बोलणं पोरांना कळत नाही अशा पालकांच्या तक्रारी झाल्या म्हणून १९८० च्या दशकात तिकडच्या बऱ्याच राज्यांनी कायदेच केले, की शिकवायला उभं करायच्या आधी ह्यांचं इंग्रजी तपासा. तर मी तीन परीक्षकांसमोर मार्कर घेऊन उभी, दहा मिनिटं एक मुद्दा समजावून सांगायचा, मधेच एक जण मुद्दाम बावळट प्रश्न विचारणार. पास झाले. रिपोर्टमध्ये लिहून आलं, व्ही आणि डब्ल्यूमध्ये फरक करावा. आता आपण लिहिताना भले 'व' आणि 'व्ह' वेगळं लिहितो, बोलताना दोन्हीचा तोच व. मग काय, रात्री आरशासमोर खालचा ओठ दाताखाली धरून 'व्हेरी वेल', 'व्हेस्ट', 'वेस्ट', 'व्हेस्ट'. शेजारच्या खोलीतल्या पोरीला वाटलं असेल ही रडतेय.

बावीस जणांचा वर्ग. निम्म्याच्या वर चिनी (त्याच्या एक-दोन वर्षं आधीच चीननं अमेरिकेत पोरं पाठवण्यात आपल्याला मागं टाकलं होतं, २०२३-२४ मध्ये आपण परत पुढं गेलो), चार-पाच सौदी, ज्यांची फी, राहणं, विमा सगळं त्यांच्या राजाच्या नावानं २००५ मध्ये सुरू झालेल्या स्कॉलरशिपमधून, तीन कोरियन, एक ब्राझीलचा. मी पहिल्या दिवशी म्हटलं मला नावानं हाक मारा, कारण तिकडं प्रोफेसरलाही नावानं हाक मारतात. मला स्वतःला ते शेवटपर्यंत जमलं नाही, माझ्या गाइडना मी दोन वर्षं कुठल्याच नावानं हाक मारली नाही, 'एक्स्क्यूज मी'वर दिवस काढले. चिनी पोरांनाही जमेना. ती मला नुसतं 'टीचर' म्हणायची. 'टीचर, क्वेश्चन.' त्यांच्या भाषेत शिक्षकाला तसंच म्हणायची पद्धत आहे, पण मला ते ऐकू यायचं 'बाई, एक शंका आहे' असं, आणि मी आपोआप ओढणी सावरायचे. ओढणी नसायची.

ऑफिस चौघींत एक. त्यातली एक ओहायोची, कविता लिहिणारी, फार गोड पोरगी, तिच्या वर्गात अमेरिकन मुलं. माझी पोरं ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेला, यायची आणि विचारायची, इथं 'द' का, तिथं का नाही? ती नसताना मी सांगायचे, मी नसताना तिला सांगावं लागायचं, आणि ती म्हणायची, "कारण ते तसं बरोबर वाटतं." पोरं माना डोलावून माझी वाट बघत बसायची. आता मराठीत आर्टिकल हा प्रकार नाही, चिनीत नाही, कोरियनमध्ये नाही. माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, १९९८ मध्ये (महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आणि मी पहिलीत होते १९९४ ला, म्हणजे माझी बस दोन वर्षांनी नाही, सहा वर्षांनी चुकली), त्यामुळं माझ्याकडं 'बरोबर वाटणं' नव्हतंच, होते ते नियम, पाढ्यांसारखे पाठ. पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', दुसऱ्यांदा 'द'. शाळेत शिकायला जाता तर 'टू स्कूल', पोराचा डबा द्यायला जाता तर 'टू द स्कूल'. मग एक पोरगा म्हणाला, तर मग माणूस दवाखान्यात ॲडमिट झाला तरी इथले लोक 'इन द हॉस्पिटल' कसे म्हणतात? मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माझा नियम ब्रिटिश होता आणि बाहेरचं जग अमेरिकन. शेवटी मीही म्हणाले, इथं ते तसंच बरोबर वाटतं.

माझी स्वतःची फजिती वेगळीच. ओळख करून देताना मी म्हटलं की मी २०१० मध्ये पुणे विद्यापीठातून 'पास्ड आऊट', आणि समोरच्या बाईंचा चेहरा काळजीनं भरून आला, कारण तिकडं त्याचा अर्थ चक्कर येऊन पडले असा होतो. मीटिंग 'प्रीपोन' करू या म्हटलं तर कुणाला कळेना, आता इतका सोयीचा शब्द त्यांनी का केला नाही हे मला आजही कोडं आहे. आणि एकदा तुफान पावसात भिजून ऑफिसात शिरले, आयुष्यात पहिल्यांदा चान्स मिळाला होता, म्हटलं, 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!' ओहायोवाली इतकी हसली. म्हणाली, माझी आजीसुद्धा हे आता म्हणत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कोरियनमध्ये एफचा उच्चार नाही, प होतो. सौदी पोरांचं पचं ब होतं, त्यामुळं त्यांना कायम 'बार्किंग'चा दंड व्हायचा. आणि कोरियन मुलं कॉफीला म्हणायची 'कॉपी'. पहिल्याच महिन्यात एक मुलगी क्लास संपल्यावर टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "टीचर, कॉपी?" मी बार्शीची. माझ्या कानात एकदम भरारी पथक, जिन्याखाली लपलेले मामा-काका, खिडकीतून आत येणाऱ्या चिठ्ठ्या. मी म्हटलं, "नो! नेव्हर!" ती बिचारी दोन पावलं मागं सरकली. हातात दोन कप होते.

पण कॉपी हाच त्या कोर्सचा सगळ्यात मोठा विषय होता, हे खरं. सिलॅबसमध्ये त्यावर अख्खं पान. दुसऱ्याचं वाक्य घ्याल तर अवतरणचिन्हात घ्या, नाव सांगा, पान नंबर सांगा. विचार घ्याल तरी नाव सांगा. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा मला आपल्या कीर्तनकारांची आठवण यायची, तासभरात शंभर ठिकाणचं बोलतात आणि एकाही ओवीचा पान नंबर सांगत नाहीत. नाही म्हणायला 'तुका म्हणे' आहे. अभंगाच्या आतच सोर्स देऊन टाकलेला, इतकी फर्स्ट क्लास सायटेशन सिस्टिम मी नंतर कुठं बघितली नाही.

सगळ्या चिनी पोरांचे निबंध एकाच वाक्यानं सुरू व्हायचे. 'विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी...' विषय मोबाइल असो, आजी असो, वजन वाढणं असो. समाजाच्या वेगवान विकासाबरोबर माझी आजी सूप चांगलं करते. इतर टीए ह्यावर जाम वैतागायचे, नॉर्मिंगच्या मीटिंगमध्ये (तिथं सगळ्यांनी एकच निबंध तपासून मार्क जुळवून बघायचे असतात) एक जण म्हणाला, ह्यात 'व्हॉइस' कुठं आहे, लिहिणाऱ्याचा आवाज कुठं आहे? मी गप्प. मला तर तो आवाज लख्ख ऐकू येत होता. 'आजच्या विज्ञानयुगात'! 'आजच्या धकाधकीच्या जीवनात'! मी त्या वाक्यावर चार बक्षिसं घेतलीयेत. त्यांच्याकडं कॉलेजच्या प्रवेशासाठी जूनमध्ये ती गाओकाव नावाची महाभयंकर परीक्षा असते, तीतही निबंध असतो आणि जुन्या थोरांची वचनं, चार-चार अक्षरांच्या म्हणी पाठ असतील तर निबंध वजनदार मानतात. म्हणजे आमच्या दोघांकडं जे कमवून ठेवलेलं धन, ते तिथं चोरीचा माल.

ऑक्टोबरमध्ये हेनान प्रांतातल्या एका मुलाचा निबंध आला. बारीक, चष्मा, कायम पहिल्या बाकावर, पेन्सिलीनं लिहून मग पेननं गिरवणारा. निबंधात पहिले दोन परिच्छेद अडखळत, आणि तिसरा एकदम लोण्यासारखा. तपासायला लागलं की असा परिच्छेद हाताला लागतोच, भाताच्या घासात खडा लागतो तसा, फक्त इथं उलटं, सगळ्या खड्यांत एक शिजलेलं शीत. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं तो भाग लाल करून दाखवला. टोफेल ह्या इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीच्या कुठल्याशा नमुन्यातला, दोन-चार शब्द बदललेले.

ह्या प्रकाराला नाव आहे, पॅचरायटिंग. १९९० च्या दशकात रिबेका मूर हॉवर्ड ह्या अभ्यासक बाईंनी ते नाव रूढ केलं आणि त्यांचं म्हणणं असं की ही चोरी नाहीच मुळी, नवी भाषा, नवा विषय शिकताना माणूस आधी दुसऱ्याची वाक्यं घेऊन त्यात आपले धागे घालतो, तो शिकण्याचा टप्पा आहे. आमच्याकडं ह्याला वाकळ म्हणतात. आईच्या साडीचा तुकडा, मामाच्या धोतराचा तुकडा, आणि वाकळ मात्र शिवणारीची. हे सगळं मी त्याच सेमिस्टरला दुसऱ्या एका क्लासमध्ये वाचत होते, त्यावर पेपरही लिहीत होते. आणि तरी मी रिपोर्ट केला. नियम होता, सुपरवायझर म्हणाल्या फॉर्म भर, मी पहिल्या वर्षाची, व्हिसावरची, मी भरला. त्याला त्या निबंधात शून्य आणि फाइलमध्ये एक वॉर्निंग. शून्याचं फार नाही वाटलं. फॉर्मवर एक रकाना होता, 'विद्यार्थ्याला नियमाची कल्पना होती का', त्यात मी 'होय' ठोकलं, त्याचं वाटतं. कल्पना मी दिली होती हे खरं, चाळीस मिनिटं स्लाइडवर. मलाही पाचवीपासून होती की.

आणि खरं सांगायचं तर मी तिथं कशी पोचले? ॲडमिशनसाठी जो एसओपी लागतो, आपण इकडं का येऊ इच्छितो वगैरे, तो मी पुण्यात एका सिनियर ताईचा घेऊन लिहिला होता. तिनं तिच्या सिनियरचा घेतला होता. 'सिन्स माय चाइल्डहुड आय हॅव बीन फॅसिनेटेड बाय लँग्वेजेस.' बालपणी मला भाषांचं आकर्षण वगैरे काही नव्हतं, मला आकर्षण होतं आइसफ्रूटचं. पण ते वाक्य मी ठेवलं, कारण ते माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलत होतं.

तो पोरगा नंतर ऑफिस अवर्सना आला. मी मनातल्या मनात तयारी केलेली, रडेल, भांडेल, मार्क मागेल. ओहायोवाली मुद्दाम उठून बाहेर गेली. त्यानं बॅगेतून निबंध काढला, प्रिंट केलेला, टेबलावर सरळ ठेवला, आणि पेन्सिल माझ्यापुढं केली. म्हणाला, टीचर, ह्यातली कुठली वाक्यं मी ठेवू शकतो?

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की त्याला खरंच माहिती हवी होती. 'ॲज अ रिझल्ट' ठेवू का? 'ऑन द अदर हँड'? हे पण मी पुस्तकातूनच पाठ केलंय. 'प्लेज ॲन इम्पॉर्टंट रोल' चालेल का? मी म्हटलं हे चालतं, हे सगळेच वापरतात. मग तो म्हणाला, म्हणजे तीन-चार शब्द घेतले तर चालतं. मी म्हटलं हो. पाच? मी म्हटलं... सहा? तो चेष्टा करत नव्हता. त्याला आकडा हवा होता, इंजिनिअरिंगचा मुलगा. मी पेन्सिल घेऊन बसले आणि एकेका वाक्याखाली रेघ मारायला लागले, हे तुझं, हे तुझं नाही, हे तुझं, आणि पानाच्या मध्यावर हात थांबला, कारण मला स्वतःला कुणी असं बसवलं असतं तर माझ्या इंग्रजीत काय उरलं असतं? मी म्हटलं, चांगलं वाक्य दिसलं की तू काय करतोस? तो म्हणाला, पाठ करतो. विसरू नये म्हणून. आमच्याकडं तसा मान देतात.

मी म्हटलं आमच्याकडंही.

त्यावर तो पहिल्यांदा हसला, आणि मी त्याला बार्शीच्या पावसाची गोष्ट सांगितली. त्याला कॅट्स अँड डॉग्ज माहीत होतं. त्याच्या पुस्तकातही होतं.

विरामचिन्हांचंही आमचं असंच जमायचं. त्याची वाक्यं स्वल्पविरामावर स्वल्पविराम देत चालत राहायची, इंग्रजीत ती चूक धरतात, मी प्रत्येक ठिकाणी गोल करायचे. खरं म्हणजे मराठीतही स्वल्पविराम मूळचा नव्हताच, पोथ्यांमध्ये उभा दंड असायचा आणि तेवढ्यावर भागायचं, मग एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी नावाच्या साहेबानं इंग्रजीतली चिन्हं मराठीत आणून रुजवली. म्हणजे एका गोऱ्यानं आमच्या वाक्यांना लगाम घातला आणि दीडशे वर्षांनी मी त्याच्या वतीनं हेनानच्या पोराला गोल करतेय. बाकी लगामाचं म्हणाल तर हा लेखच बघा, ब्लॉगवर मला कोण गोल करणार.

डिसेंबरात शेवटचा निबंध. विषय, निरोप. मी वर्गात सांगितलं होतं की पहिलं वाक्य समाजाच्या विकासावर आलं तर पाच मार्क कापीन. बाहेर बर्फ, मक्याची शेतं पांढरी, मी ऑफिसात हीटरला पाय लावून गठ्ठा तपासत बसलेले. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं लाल पेन वापरू नका, पोरांना भीती वाटते, म्हणून सगळ्यांना हिरवी पेनं वाटली होती. (आमच्याकडं हिरवी शाई हेडमास्तरांची, ती बघून मला जास्त भीती वाटायची.)

त्याचा निबंध दीड पानाचा. काळ सगळे चुकलेले, चिनीत क्रियापद काळाप्रमाणं बदलत नाही, काल गेला काय आणि उद्या जाणार काय, क्रियापद तेच. आर्टिकल अर्धी गायब. गावाहून शहरात आणि तिथून विमानतळावर जायचं, वडील स्टेशनवर सोडायला आलेले. बाकीच्यांच्या निबंधांत ह्या ठिकाणी डोळे भरून येत होते, हात हलत होते, 'टिअर्स रोल्ड डाऊन' तर किमान सहा जणांकडं. त्यानं लिहिलं होतं, गाडी सुटते, माझे वडील हात हलवत नाहीत, ते माझ्या बॅगा मोजतात.

मी ते वाक्य सॉफ्टवेअरमध्ये शोधलं. हो, शोधलं. सवय. कुठं सापडलं नाही.

आमच्या बार्शीच्या स्टँडवर पण, पुण्याला जाताना, नानांनी खिडकीतून आत बघत बोटं मोडत मोजलं होतं, एक, दोन, ती गोणी, तीन. मग 'बरंय' म्हणाले आणि मागं वळले. मी दहा वर्षं निबंध लिहिले, बक्षिसं घेतली, हे एकाही निबंधात आलं नव्हतं, कारण ते कुठल्या गाइडमध्ये नव्हतं.

मार्कांचा तक्ता होता. व्याकरणाला वीसपैकी, रचनेला इतके, व्हॉइसला इतके. व्याकरणात त्याला सात. 'काउंट' लिहिलं होतं, 'काउंटेड' हवं होतं. मी बराच वेळ पेन धरून बसले, वाटलं राहू दे, गाडी अजून सुटतेय आणि ते अजून मोजतायत असं वाचायला बरं वाटत होतं. पण पुढच्या सेमिस्टरला त्याला दुसरा कुणी तपासणार होता, आणि तो दुसरा बार्शीचा नसणार होता.

मी हिरव्या शाईनं ईडी घातलं.